गिरणीतला अल्बम

आमच्या गिरणीवाल्या मामांचा रंग गोरा की सावळा, हे मला दीड वर्ष माहीत नव्हतं. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानातले केस पांढरे. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल मुळात कुठल्या रंगाचा होता ते त्या टॉवेलालाच ठाऊक. त्या सगळ्या पांढऱ्यातून दोन काळे डोळे आणि पानानं लाल झालेलं तोंड. आम्ही तिघं तोंडाला पांढरं फासून, डोळ्यांभोवती काजळ ओढून बँडचा फोटो काढायला गिरणीपुढं उभे राहिलो, तेव्हा फोटोग्राफरला वाटलं मामापण बँडमधलेच. ‘काका, तुम्ही जरा मधी या,’ म्हणाला. मामा मधी आले. आमच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तोच फोटो आहे. अजून लोक विचारतात, त्या मधल्याचा मेकअप कुणी केला?

आता बँड म्हटलं की उमरग्यात कुणालाही वरातीपुढचा बँड आठवतो, म्हणून आधीच सांगून टाकते. आमचा बँड हॉरर पंक होता. म्हणजे भुताखेतांची, मढ्या-मसणाची गाणी, पण रडत नाही म्हणायची. तीन सुरांवर, गाडीचा ब्रेक निकामी झाल्यासारखी म्हणायची आणि दोन मिनिटांत संपवायची. गणेश गिटार वाजवायचा. त्याचं बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. इरफान ड्रम वाजवायचा. लग्नसराईत तो एका बँजो पार्टीत ढोलावर असायचा. आणि मी ओरडायचे. गायचे असं म्हणणं मला शोभणार नाही. तेव्हा मी बीएस्सीला होते. आता एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. रक्ताची गाणी म्हणणारी मुलगी आता सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांचं रक्त काढते. आई म्हणते, तुझं शेवटी जमलं बघ. गिरणी आता राहिली नाही आणि मामाही नाहीत.

गिरणीत आम्ही गेलो ते आवाजासाठी. गणेशच्या घरी दोनदा सराव केला, तर शेजारचे म्हातारे आजोबा काठी घेऊन आले. माळावर गेलो तर म्हशी उधळल्या. मग इरफान म्हणाला, जिथं आधीच कुणाला कुणाचं ऐकू येत नाही अशी जागा बघू. अशी जागा उमरग्यात एकच, मामांची गिरणी. हायवेच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं शेड, मोठी मोटर, फटफट वाजणारा पट्टा. शेडच्या मागं रिकाम्या पोत्यांची खोली आणि मागच्या दारापलीकडं मामांचं घर. आम्ही भीत भीत विचारलं. मामा म्हणाले, ‘वाजवा की. पन पीठ सांडू नका.’ पैशाचं नावही काढलं नाही.

माझ्यासाठी तर ती जागा सोन्याहून पिवळी होती. मुलगी रोज संध्याकाळी कुठं जाते, हा आमच्या गल्लीत सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. डबा घेऊन गिरणीत जाते म्हटलं की विषय संपला. मी आठवड्यातून चार दिवस दोन-दोन किलो ज्वारी घेऊन निघायचे. घरात माणसं चार. पीठ डब्यात मावेना, मग पिंपात, मग शेजारी, मग गायीला. ‘आपण भाकरी खातोय का घर लिंपतोय पिठानं?’ आई विचारायची. एक दिवस तिला संशय आला आणि ती स्वतःच डबा घेऊन गिरणीत उभी राहिली. मी मागच्या खोलीत गळा फाडत होते. आईनं विचारलं, ‘हे काय वरडतंय, मामा?’ मामा शांतपणे म्हणाले, ‘पट्टा हाय ताई. कोरडा पडलाय.’ दुसऱ्या दिवशी आईनं माझ्याच हातात एरंडेल तेलाची बाटली दिली, मामांना दे म्हणून. मामांनी बाटली उघडून वास घेतला आणि माझ्यापुढं धरली. ‘दोन चमचे तूच पी. खरंच कोरडा पडलाय.’

माणसांची नावं मामांच्या तोंडात कधी आली नाहीत. गिऱ्हाईक ते धान्यावरून ओळखायचे. ‘ए बाजरी, तुझं झालं बघ.’ ‘हरभऱ्याची डाळ कुठं गेली? आत्ता हितं व्हती.’ असं म्हटल्यावर एखादी मास्तरीणबाई निमूटपणे पुढं यायची. मी अर्थातच ज्वारी. गणेश म्हणजे तार आणि इरफान म्हणजे ढोल. पण धान्याच्या बाबतीत मामा काटेकोर. कुणाची बाजरी दळून झाली की त्यावर लगेच दुसऱ्याचा गहू टाकायचा नाही, पोळ्या काळपट होतात. आधी ज्यांचा गहू असेल ते एकापाठोपाठ, मग ज्वारी, मग बाजरी. बायका रांगेवरून भांडल्या तरी मामा हा क्रम मोडायचे नाहीत. चाळीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, असं ते सांगायचे आणि समोर उभ्या असलेल्या बायका माना डोलवायच्या.

गाण्यांवरचं त्यांचं मतही गिरणीतलंच. नवीन गाणं वाजवून झालं की ते खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचे, पिठाचा पोत बघतात तसे, आणि म्हणायचे, ‘जाडं हाय. अजून एकदा दळा.’ गणेशला फार राग यायचा. पुण्या-मुंबईकडच्या मुलांकडून ऑनलाइन शिकलेला तो. त्याला एक पीठगिरणीवाला सांगणार? पण पुन्हा वाजवलं की गाणं सुधारलेलं असायचं, हेही तितकंच खरं.

पहिलं गाणं आम्ही त्यांना ऐकवलं ते कबरीतून उठणाऱ्या मढ्यांचं होतं. गणेशनं अर्थ सांगितला. धान्य ओतायच्या पत्र्याच्या पेटीवरचा हात न काढता मामांनी विचारलं, ‘ही मढी उमरग्यातच उठतात का?’

‘व्हय.’

‘मग आमच्या आळीत न्हाय उठायची. आमी जाळतो. राखंतनं काय उठंल?’

इरफान म्हणाला, ‘आमच्यात पुरतात की, मामा.’

‘तुझा आज्जा उठला का कवा?’

‘न्हाय.’

‘कसा उठंल? भला मानूस व्हता. आन गुडघं दुखायचं त्याचं.’

ते गाणं तिथंच मेलं. मग एक रक्त पिणाऱ्याचं होतं. मामा म्हणाले, आपल्याकडं रक्त कोन पितंय, आपली भुतं दहीभात मागतात, फार तर अंडं. त्याच दिवशी त्यांनी आम्हाला तो प्रश्न विचारला, जो पुढं प्रत्येक गाण्याला विचारला गेला. ‘तुमच्या ह्या भुताचं मागनं काय?’

 भूत म्हणजे घाबरवणार, एवढंच आम्हाला माहीत. मामांना ते पटेना. पोटभर जेवून, पोरं मार्गाला लावून गेलेला माणूस उन्हातान्हाचा परत कशाला येईल? कुणाचं तरी काहीतरी राहिलेलं असतं म्हणून तो येतो. मागणं नाही तर भूत नाही. ‘तुमी नुसतं वरडायलाय. तेला काय पायजे ते इचारा की आधी.’

मामांकडं दोनशे पानी वही होती. पहिल्या पानावर हळदकुंकू, आत चार रकाने: जागा, कोण, मागणं, कुणी पाहिलं. तालुक्यातली आणि आसपासची भुतं त्यांनी अशी मांडून ठेवली होती. दळायला आलेल्या माणसाला थांबावंच लागतं, आणि थांबलेला माणूस बोलतोच. गावागावांतली, पार हद्दीपलीकडच्या कानडी बायांनी सांगितलेलीसुद्धा माहिती त्यात होती. पिंपळावरचा मुंजा: लग्न. जुन्या विहिरीवरच्या आसरा: ओटी, खण हिरवाच पाहिजे. चावडीमागचा म्हातारा: तंबाखू, चुना जास्त. हायवेवर ट्रकला हात करणारी बाई: यावर तिरकी रेघ आणि पुढं लिहिलेलं, ‘खोटं. दारू.’

अल्बमची गाणी आम्ही त्या वहीतून उचलली. ‘चुना जास्त’ हे आमचं सगळ्यात वेगवान गाणं. बँडचं जुनं इंग्रजी नाव टाकून मामांनीच सुचवलेलं ‘तिवाटा’ हे नाव घेतलं, कारण तीन रस्ते मिळतात तिथं लोक उतारा ठेवतात आणि आम्ही होतोही तिघं. अल्बमचं नाव ‘भर दुपारी’. त्याचंही कारण मामा. बाराच्या ठोक्याला ते मोटर बंद करायचे ते एक वाजेपर्यंत. रांगेत कितीही डबे असोत. रात्री भुतं फिरतात हे शहरातल्या लोकांचं, असं त्यांचं म्हणणं. रात्री बिचारी भुतंसुद्धा झोपतात. त्यांची वेळ दुपारी बाराची, सावली पायाखाली येते तेव्हाची. त्या तासाभरात गिरणीत शांतता असायची, म्हणून आम्ही रेकॉर्डिंग तेव्हाच करायचो. शेडमध्येच, पेटीजवळ माईक लावला, भिंतींना पोती टांगली, माईकला पिठापासून वाचवायला आईच्या जुन्या साडीचं फडकं गुंडाळलं, गणेशचा लॅपटॉप एका उलट्या डब्यावर ठेवला. आमच्याकडं तेवढंच सामान होतं.

वहीच्या शेवटच्या रकान्यात, कुणी पाहिलं या रकान्यात, दुनियेची नावं होती. पोस्टमन होता, दोन शिक्षक होते, एक निवृत्त फौजदार होता. मामांचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. मी एकदा सहज विचारलं. ते दगडाला टाकी मारत बसले होते. गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं परत खरबरीत करावा लागतो. छिन्नी थांबवून म्हणाले, ‘मला कवाच काय दिसलं न्हाय, ज्वारी. आन एक दिसायला पायजे व्हतं, तेबी न्हाय दिसलं.’

मग मामींचं सांगितलं. मामी चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या, झोपेतच. आजार नाही, दवाखाना नाही. त्यांचं माहेर येरमाळ्याकडचं, सगळे आले होते. दहाव्याला पिंड ठेवलं आणि लोक मागं सरायला लागले. कावळा शिवायला वेळ लागतो, कधी तासन् तास लागतात, गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल तर ते कबूल करावं लागतं, हे सगळ्यांना माहीत. मामा तयारीनं गेले होते. काय काय कबूल करायचं ते त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. पान सोडतो. पोराकडं पुण्याला जाऊन राहतो. ओसरीची फरशी बदलतो. पण लोक दहा पावलं मागं सरले नाहीत तोच कावळा आला, शिवला, खाल्लं आणि उडून गेला. सगळे म्हणाले, भाग्याची बाई, मागं काही राहिलं नाही.

‘कायच न्हाय?’ मामा मला विचारत होते, जणू मी तो कावळा पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी मामा त्याच जागी भाताचा गोळा घेऊन गेले. तो कावळा मुळातच हावरट असेल, कुणाच्याही पिंडाला शिवत असेल, अशी त्यांना आशा होती. चार दिवस गोळा ठेवला. कावळा फिरकला नाही. मामांनी वहीत नोंद केली: ‘कावळा खरा.’

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं. म्हटलं, ‘चांगलंच आहे की, मामा. मामींना मुक्ती मिळाली.’

‘तिला मिळाली,’ मामा म्हणाले. ‘चाळीस वर्सं एका घरात ऱ्हायलो. माझ्यात तिचं एवढंबी अडकलं नसंल? डबा तरी? चष्मा तरी? माझा चष्मा तीच हुडकायची.’ परत छिन्नी उचलली. ‘एकदा दिसली तरी बास हाय. वसरीवर तांदूळ निवडत बसलेली दिसली तरी चालंल. बोललंच पायजे असं न्हाय.’

 आणि खरं सांगते, त्या दिवसापासून मला मामांची वही हसण्यावारी नेता आली नाही. माणसं तालुक्याची भुतं गोळा करत बसत नाहीत उगाच. मामा एकच भूत शोधत होते आणि बाकीची वाटेत भेटली म्हणून लिहून घेत होते.

आठ गाणी झाली. नववं गाणं हाकेचं होतं. आपल्याकडं मोठी माणसं सांगतात, उन्हाचं कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेला ओ द्यायची, कारण भूत तीनदा हाक मारत नाही. मामा आम्हाला हे समजावून सांगत होते. गिरणी चालू होती, कुणाची तरी बाजरी पडत होती, म्हणून सगळं वरच्या पट्टीत चाललेलं.

इरफाननं विचारलं, ‘आन आपुन त्यांला बोलवायचं तर?’

‘तसंच की. नाव घिऊन, तीनदा. नुसतं अगं-अरं म्हनून चालत न्हाय. अगं म्हनल्यावर निम्मं मसन वळून बघंल.’

‘मग तुमी मामीला नाव घिऊनच हाक मारली असंल.’

इरफाननं हे अगदी साधेपणानं विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. पण मामा आमच्याकडं बघत राहिले, मग पेटीकडं बघत राहिले.

मारलीच नव्हती. आयुष्यात कधी मारली नव्हती. त्यांच्या पिढीत कोण मारतं? अगं पाणी आन, अगं डबा भर, अगं चष्मा कुठं गेला. चारचौघांत रमेशची आई. रमेश म्हणजे तो पुण्याचा मुलगा. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मामींच्या मृत्यूची नोंद करायला गेले तेव्हा समोरच्या बाबूनं नाव विचारलं, तर मामांनी रेशनकार्ड काढून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. हे मला आईनं सांगितलं. नावही तिनंच सांगितलं: सोजर.

त्या संध्याकाळी मामांनी बाजरीवर कुणाचा तरी गहू ओतला. दुसऱ्या दिवशी ती बाई पोळ्या फडक्यात बांधून दाखवायला घेऊन आली. ‘मामा, हे बघा काय झालं,’ म्हणाली. भांडायला नव्हती आली, काळजीनं आली होती. बीपी तपासा म्हणाली. मामांनी घरातला स्वतःचा गहू तिला दळून दिला आणि चार दिवस आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. इरफान रडकुंडीला आला. मला म्हणाला, ‘मी माफी मागू का?’ म्हटलं, ‘कशाची? खरं विचारल्याची?’ पण माझाही पाय गिरणीकडं जड पडत होता.

पाचव्या दिवशी मामा स्वतःच मागच्या खोलीत आले. लॅपटॉपकडं बोट करून गणेशला म्हणाले, ‘तार, ह्या यंत्रात मानसाची हाक घेता येती का?’

‘येते की.’

‘म्या एकदा म्हनलं की मग ते रोज म्हनंल? मला परत परत म्हनावं लागायचं न्हाय?’

‘नाही. एकदाच.’

‘आन तुमची गानी पुन्याला ऐकू जातात का?’

गणेश म्हणाला, पुण्याला, मुंबईला, अमेरिकेलासुद्धा. मामांनी अमेरिका हातानं बाजूला सारली. ‘पुन्यापतूर बास. ती रमेशकडं असंल तर? नातवात लई जीव व्हता तिचा. मग हितं बसून मी हाक मारू आन तिला ऐकूच न्हाय गेलं तर काय उपयोग?’

आमच्यापैकी कुणी हसलं नाही. गणेशला हसू कशाकशाचं येतं ते मला माहीत आहे, पण तोही हसला नाही. मामांनी चार दिवसांत सगळा विचार केला होता. घरात उभं राहून हाक मारली तर आळी गोळा होईल, म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतील, रमेशला फोन जातील. गाण्यात मारली तर कुणाला काय कळतंय. गाण्यात माणसं काहीही म्हणतात. आणि त्यांना त्या कावळ्याचा निकाल अजून मान्य नव्हता. ‘तिला मागं काय न्हाय ऱ्हायलं म्हनत्यात. आरं, पन मी बोलावलंच कुठं तिला? बोलावल्याबिगर कोन येतंय?’

दुसऱ्या दिवशी बाराला मामांनी मोटर बंद केली, शटर निम्मं खाली ओढलं आणि घरात गेले. परत आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. अंघोळ करून, धुतलेलं धोतर-सदरा घालून आले होते. सावळे होते. गालांवर देवीचे वण होते. पीठ उतरल्यावर किती बारीक दिसत होते ते. गणेशनं माईक त्यांच्या उंचीला आणला आणि म्हणाला, ‘चालू आहे, मामा. तुम्ही सावकाश.’

मामांनी घसा साफ केला. ‘अगं ए,’ म्हणाले. थांबले. ‘चुकलं.’

‘चालतंय. परत.’

‘रमेशची आई.’ मामांनी स्वतःच मान हलवली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर नुसता वारा बाहेर आला. मग म्हणाले, ‘तुमी तिकडं तोंड करा.’ आम्ही तिघांनी भिंतीवरच्या पोत्यांकडं तोंड केलं. ‘ढोल, तू डोळंबी मीट.’ इरफाननं मिटले. मागं काहीच ऐकू येईना.

मला राग यायला लागला होता. चाळीस वर्षं एका बाईच्या हातचं खाल्लं आणि तिचं नाव घ्यायला घाम फुटतो. काय असतं एवढं नावात? वळून बघितलं तर सत्तरीतला माणूस, हाताची घडी घालून, माईकपुढं मान खाली घालून उभा. लग्नातला नवरदेवसुद्धा इतका लाजत नसेल. माझा राग कुठल्या कुठं गेला. म्हटलं, ‘मामा, मी म्हणून दाखवू का? सोजर.’

मामा दचकले. मागच्या दाराकडं बघितलं. ‘हळू म्हन की,’ म्हणाले. आणि मग, ‘गिरनी चालू करतो. तेच्याबिगर मला जमायचं न्हाय.’

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. इरफान म्हणाला, ‘मामा, ही तर त्यांची येळ. तुमीच म्हनता.’

‘मग? त्यांलाच तर बोलवायचंय.’

दगड रिकामा फिरवत नाहीत, एकमेकांना खातात. म्हणून मामांनी माझ्याच डब्यातली ज्वारी पेटीत ओतली आणि बटण दाबलं. मोटर घरघरली, पट्टा फटफटायला लागला. गणेशच्या पडद्यावरच्या सगळ्या रेषा लाल झाल्या. त्यानं कपाळावर हात मारला आणि माझ्या कानात ओरडून म्हणाला, काहीच ऐकू येणार नाही. पुढं बंगळुरूच्या कुणीतरी अल्बमखाली विचारलं, शेवटच्या गाण्यातली ती घरघर कुठल्या वाद्यावर काढली? गणेशनं उत्तर दिलं, ज्वारीवर.

पण गिरणीवरून बोलायचं कसं ते मामांना शिकवायची गरज नव्हती. धुतलेल्या सदऱ्यावर पीठ बसायला लागलं होतं. त्यांनी एक हात पेटीवर ठेवला, माईककडं पाठ केली आणि मागच्या दाराकडं, घराकडं तोंड केलं.

‘सोजर.’

पहिली हाक मला ओठांवरून कळली. दुसरी ऐकू आली. तिसरी त्या मोटरीच्या, पट्ट्याच्या, सगळ्याच्या वरून गेली. ओरडणं नव्हतं ते. मी दीड वर्ष ओरडत होते, माझ्या गळ्यातून तसलं काही कधी निघालं नव्हतं.

मामांनी बटण बंद केलं. दगड एकदम थांबत नाहीत. हळूहळू आवाज खाली आला, पट्टा दोनदा सैल वाजला, मग तेही थांबलं. हायवेवरून एक ट्रक गेला. गणेशनं रेकॉर्डिंग चालूच ठेवलं होतं. मी भुतं मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते, पण मी त्या दाराकडं बघत होते. दारात ऊन होतं. पलीकडं ओसरी, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. इरफाननं अजून डोळे उघडले नव्हते.

मामांनी मान थोडी वाकडी केली. आतून कुणी ‘काय पायजे?’ म्हणून विचारलं की माणूस करतो तशी. मग अगदी खालच्या आवाजात, घरातल्या घरात बोलावं तसं म्हणाले, ‘काय नको. काम न्हाय काय. सहज हाक मारली.’